कॉटमबाईंचा अर्ज

दिवा राहू दे तसाच. आणि ज्याला खिदळायचंय त्याने आत्ताच घर गाठावं. मी काही फार शिकलेला नाही, पण आपल्या शाळेची वर्ग गरम ठेवायची भट्टी चाळीस वर्षं मीच पेटवली, तेव्हा शाळेचं मला सांगू नका.

ही गोष्ट बर्नार्ड स्वॉरब्रिकची. आधी दुधाचा टँकर चालवायचा, म्हातारपणी शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष झाला. थापाड्या नव्हता. तेवढी अक्कलच नव्हती त्याला.

कॉटमबाई एकतीस वर्षं हेडबाई. तुमच्यातल्या निम्म्यांना कोपऱ्यात उभं केलंय त्यांनी. "बाई, तुमच्यामागे कोण?" असं विचारलं की म्हणायच्या, "मी आहे ना अजून!" टेरेसा बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली शिकवत होती, पण तिला साध्या पत्रावर सही करू दिली नाही कधी.

ऑगस्टात बाई वारल्या. जाहिरात तीनदा दिली. हेड पाहिजे तो रविवारी चर्चात मिसेच्या प्रार्थनेला जाणारा कॅथलिक, वर फादरचं शिफारसपत्र. कुत्रंही फिरकलं नाही. बिशपच्या कचेरीतून कळवलं, तीस नोव्हेंबरला रात्री बारापर्यंत कमिटीच्या हातात एकही अर्ज आला नाही तर शाळा बंद, पोरं बसने प्रेस्टन शहरात.

बर्नार्डने टेरेसाच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ती म्हणाली, "बाईंच्या खुर्चीत? त्या खोलीत शिरताना मी अजून दार वाजवते हो. नाही म्हणजे नाही."

तीस तारीख, गुरुवार. पाचलाच काळोख पडलेला. सहाला पाच कमी असताना बर्नार्ड शाळेची पत्रपेटी बघायला गेला. जायचं, बघायचं, यायचं.

पेटीत एक पाकीट होतं.

खूश झाला बिचारा. टॉर्चच्या उजेडात तिथेच फाडलं. अर्जच होता. अक्षर ओळखीचं.

नाव : विनिफ्रेड कॉटम.

अनुभव : एकतीस वर्षं.

आधीची नोकरी सोडण्याचं कारण... कोरं.

खाली फादरची सही. आत्ताच्या फादरची नव्हे. फादर गिलोंची. त्यांना पुरून दहा वर्षं झाली...

आत खुर्ची सरकली.

शाळेला कुलूप होतं. किल्ली बर्नार्डच्या खिशात.

मग पावलं. सावकाश. दारापर्यंत आली... थांबली.

आणि दार वाजलं. आतून. तीनदा. मुलाखतीला आलेला माणूस वाजवतो तसं, हलकं, अदबीनं.

बर्नार्ड जो धावला तो थेट टेरेसाच्या स्वयंपाकघरात. तिने कागद वाचला. मग म्हणाली, "या महिन्यात बाईंचं नाव कोणी दिलं?"

आपल्या चर्चात नोव्हेंबर मेलेल्यांसाठी प्रार्थनेचा. ज्याने त्याने आपल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहायची, पाकिटं महिनाभर वेदीवर. बाईंना मागेपुढे कोणी नव्हतं.

"मला वाटलं, तू दिलंस," बर्नार्ड म्हणाला.

"मला वाटलं, तुम्ही."

अख्ख्या गावाला तसंच वाटलं होतं.

"म्हणजे त्या गेल्या हे त्यांना कोणी सांगितलंच नाही," टेरेसा म्हणाली. "जागा रिकामी दिसतेय... त्या येणारच."

"सात वाजता महिन्याची शेवटची मिसा आहे. चल."

"थांबा. नुसतं नाव देऊन भागायचं नाही. जागा रिकामीच राहील." तिने टेबलाच्या खणातून हेडच्या जागेचा कोरा फॉर्म काढला. तीन महिने तिथे पडून होता. "पेन द्या. अर्ज मी भरते."

बर्नार्डने चिठ्ठीवर नाव लिहिलं, बाईंचा अर्ज त्याच पाकिटात घातला आणि वेदीवर ठेवला. मिसा झाल्यावर फादरनी टेरेसाच्या फॉर्मवर सही केली, बाकावरच. बर्नार्डने तो घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत घातला, कुलूप लावलं, किल्ली उशाखाली घेऊन झोपला.

सकाळी कचेरीत द्यायला म्हणून काढला.

टेरेसाच्या सहीशेजारी लाल खूण होती. वहीत करतात तशी. बरोबरची.

बावीस वर्षांत बाईंनी तिला कधी दिली नव्हती.

बर्नार्डच्या घरात लाल पेन नव्हतं. त्याने बोट लावून बघितलं...

शाई ओली होती.