वर जोडून देते

ऑपरेटरबाई पाटी घेऊन घरी आल्या तेव्हा ऊन अजून अंगणातून हललं नव्हतं. रंगाऱ्यानं अक्षरं सुरेख काढली होती: 'वरची खोली भाड्याने देणे आहे', आणि खाली फोनचा नंबर. रंग ओला होता, म्हणून ओलं झालेलं तान्हं मूल धरावं तशी ती पाटी त्यांनी वाटभर अंगापासून लांब धरून आणली. फाटकावर खिळा होताच. पाटी टांगली, दोन पावलं मागे होऊन पाहिली, आणि एवढ्याशा कामानं धाप लागली म्हणून पायरीवर टेकल्या.

त्यांचा सारा जन्म टेलिफोनच्या कचेरीत गेला होता. कानाला यंत्र लावायचं आणि एकाचा आवाज दुसऱ्याला जोडून द्यायचा. नोकरी सुटून वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. समोरच्यानं कितीही तोंड सोडलं तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही, ही एक विद्या त्या तिथे शिकल्या होत्या. दुसरी म्हणजे आवाज किती लांबून येतोय ते ओळखणं.

पाटी काही हौसेनं लावली नव्हती. नवरा गेल्यापासून घरात त्या एकट्या. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरला आणि सकाळभर फरशीवर पडून राहिल्या. शेजारीण कपडे वाळत घालायला गच्चीवर आली, तेव्हा कुठे तिच्या कानावर हाक गेली. ही बातमी कळल्यावर धाकटा दीर धावत आला.

"वहिनी, माझ्या जिवाला घोर लावू नका," तो म्हणाला. "एक तर वर माणूस ठेवा, हाकेला ओ देईल असा. नाहीतर घर विकू आणि तुम्ही आमच्याकडे चला. महिनाअखेरीस मी येतो, तोवर काय ते ठरवा."

तो वाईट माणूस नव्हता. बरोबरच बोलत होता. पण आरामखुर्चीच्या पाठीला नवऱ्याच्या डोक्याचा तेलकट डाग होता. जिन्याच्या कठड्याला, जिथे दम खायला ते थांबत, तिथला रंग उडाला होता. हे घर विकायचं म्हणजे ते दुसऱ्यांदा जाणार. एकदा गेले तेव्हाच बाईंना ते पेललं नव्हतं.

फोन दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले.

एकानं भाडं निम्म्यावर आणलं आणि वर विचारलं, "झाडलोट तुम्हीच करून द्याल ना?" एकाला खोली कुत्र्यांसाठी हवी होती. "मी नाही राहणार हो. फक्त ती तिघं. मी रविवारी येऊन भेटत जाईन." एका बाईनं गोड आवाजात चौकशी केली, "घरात कोणी वारलंय का? कधी? वरच वारले का? मग तेवढे पैसे कमी करा, आम्हालाच राहायचंय तिथे."

"आपली चौकशी कळली, धन्यवाद," म्हणून ऑपरेटरबाईंनी फोन ठेवला. मग बराच वेळ हात त्या फोनवरच राहिला.

हे ऐकून शेजारीण हसून लोळली. "अहो, कसलं धन्यवाद! असल्यांशी हुज्जत घालायची नाही आणि खुलासाही द्यायचा नाही. सरळ सांगायचं, जागा गेली. आम्ही सगळे तेच करतो. साप मरतो आणि काठीही मोडत नाही."

"खोटं बोलायचं?"

"घर भाड्यानं द्यायचं म्हणजे एवढं खोटं पदरात बांधूनच बसायचं."

त्या दिवसापासून बाई म्हणू लागल्या, "जागा गेली. भाडेकरू आला." चांगला माणूस मिळेपर्यंतच. पण लोक चिवट. कोण आला, कधी आला, किती देतो? मग बाईंना त्या भाडेकरूला हळूहळू अंग द्यावं लागलं. गृहस्थ आहेत. उंच आहेत. बोलायला कमी. दिवसा झोपतात, त्यांना आवाज खपत नाही. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा बदलू नये, म्हणून तो माणूस त्यांनी मनात नीट बसवून घेतला. आता फोन आला की तो आपोआप जिभेवर येई.

आणि मग तो दुपारचा फोन येऊ लागला.

आवाज तरुण होता, दबका. खोलीबद्दल एक शब्द नाही. "एकट्याच असता वाटतं? दुपारी झोपता का? दाराला कडी आहे, की नुसता खटका?"

पहिल्यांदा बाईंनी फोन ठेवला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या दुपारी त्यांनी फोन ठेवला नाही. 'वर माणूस आहे' असं त्याला सांगून झालं होतं, आणि तो हसला होता. "वरचा? त्याला द्या की फोन."

वर पूर्वी एक फोन होता, खालच्याच लाइनीवरचा. नवऱ्याच्या आजारपणात त्याची घंटा सहन होईना, म्हणून तो काढून दिला होता. भिंतीतून वायरीची दोन टोकं तेवढी बाहेर राहिली होती. बाईंना हे माहीत नव्हतं थोडंच? पण हजारदा बोललेलं वाक्य तोंडातून गेलं.

"थांबा हं. वर जोडून देते."

त्यांनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. कंटाळून ठेवील तो, असा विचार करून उशीच्या अभ्र्यांच्या घड्या करत बसल्या. घरात आवाज नव्हता. एक अभ्रा झाला, दुसरा झाला. मग रिसीव्हरमधून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं, म्हणून त्यांनी तो कानाला लावला.

लाइनीवर दोन आवाज होते.

"...हो, मी इथेच असतो," एक पुरुष म्हणत होता. सावकाश, अगदी सभ्यपणे. "तुम्ही कुठे असता ते सांगा. ...नको, तुम्ही कशाला त्रास घेता. मीच येईन."

"चुकलो," तो तरुण आवाज म्हणाला. आता त्यात रडू होतं. "पुन्हा नाही करणार... ठेवू द्या ना... हातातून सुटत नाहीये..."

ऑपरेटरबाईंच्या कानाला शंका उरली नाही. रडणारा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाहून येत होता. दुसरा जिन्याच्या वरून.

फोन आपटून त्या कठडा धरत वर गेल्या. खोली रिकामी होती. लोखंडी खाट, गुंडाळलेली गादी, बंद खिडकी. वायरीची टोकं भिंतीवर होती तशीच. फक्त वास वेगळा होता. वर्षानुवर्षं पेटीत राहिलेल्या लोकरी कपड्यांसारखा, आणि त्याच्या खालून ओल्या मातीचा.

तो तरुण पुन्हा फोन करणार नव्हता, हे त्यांना तिथेच उमगलं. खरं तर सुटका वाटायला हवी होती. वाटली नाही.

संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला डोक्यावर पाऊल वाजलं.

सांगायला नको, पण सांगतो. बाई घाबरल्या नाहीत. त्या आनंदानं उभ्या राहिल्या. इतके महिने हाच आवाज ऐकायला त्या कानात प्राण आणून बसल्या होत्या. नवऱ्याचा डावा गुडघा धरलेला असायचा. त्यांचं एक पाऊल पूर्ण पडे आणि एक अर्धं. बाई जिन्याच्या तळाशी मान वर करून उभ्या राहिल्या. "अहो..." त्या हळूच म्हणाल्या.

वर पावलं खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. दोन्ही पूर्ण होती. जड, सारखी, उंच माणसाची.

बाई तळपायरीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. ज्यानं यायचं तो आला नाही, आणि आलं ते हे.

यानंतर दिवसा वर शांत असे. दिवेलागणीला पावलं सुरू होत. नळ वाहे. एकदा खोकला आला. शेजारीण गच्चीवरून ओरडली, "मिळाला वाटतं भाडेकरू? बोलल्या नाहीत कधी! खिडकीत पाहिला मी. उंच आहे हो चांगला." बाईंनी मान हलवली. नाही म्हणायला शब्द शोधत राहिल्या, तोवर शेजारीण आत गेली होती.

आता त्यांना एकच आशा होती. खरा, हाडामासाचा माणूस वर राहायला आला तर जे काय आहे ते जाईल. रिकाम्या जागेतच ना शिरलं ते? म्हणून फोन आला की त्या घाईनं म्हणत, "आहे, आहे, जागा आहे. या तुम्ही." पण पूर्वी पिच्छा सोडत नव्हते ते लोक आता "बघतो" म्हणून फोन ठेवत.

शेवटी एक नर्स आली. जवळच्याच इस्पितळातली, चाळिशीची, हसऱ्या तोंडाची. "काकू, मला फार काही नको. आणि तुम्हाला कधी काही लागलं तर जिन्यातून हाक मारा. मला अर्धवट झोपेतून उठायची सवयच आहे."

बाईंना तिचे पाय धरावेसे वाटले. "भाड्याचं तू म्हणशील ते," त्या म्हणाल्या. "आजच ये. सामान मागून येऊ दे."

"अहो, आधी बघू तर द्या," म्हणत नर्स जिना चढली. मागून बाई.

दार बंद होतं. बाईंनी ढकललं. आतून कडी होती.

नर्सनं त्यांच्याकडे पाहिलं आणि दारावर टकटक केली.

"जागा गेली," आतून आवाज आला. शांत, सभ्य.

नर्सचा चेहरा उतरला. "काकू, द्यायची नव्हती तर फोनवरच सांगायचं. मी सुट्टी टाकून आले."

"नाही गं बाई, रिकामी आहे... खरंच रिकामी आहे..."

"आत माणूस बोलतोय, काकू." ती रागावली नव्हती, ओशाळली होती. बाईंच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "बरं वाटत नसेल तर दवाखान्यात या एकदा." आणि जिना उतरून गेली.

ऑपरेटरबाई दाराशी उभ्या राहिल्या. आवाज चढू द्यायचा नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला ठेवलेलं नाही."

मग दाराच्या अगदी पलीकडून, "ठेवलंत. साऱ्यांना सांगितलंत."

"ते खोटं होतं... लोकांना टाळायला..."

"मी टाळलं त्यांना."

"हात जोडते तुम्हाला. जागा सोडा. मला एक माणूस लागतं वर... माझं घर जाईल हो..."

आत खाट करकरली, झोपायला आडवं व्हावं तशी.

त्या रात्री बाईंनी पिशवी भरली. दोन लुगडी, औषधं, नवऱ्याचा चष्मा. फाटकावरची पाटी उतरवली. आरामखुर्चीच्या त्या डागावर एकदा हात फिरवला. घर राखायला एवढी धडपड केली, आता घर गेलं तरी चालेल, इथे राहायचं नाही. दीर येईल तेव्हा त्याला एक शब्द विचारायचा नाही. उठायचं आणि निघायचं.

महिनाअखेरीस तो आला. बाई पिशवी घेऊन ओट्यावरच होत्या. पण चपला काढतानाच त्यानं मान वर केली. वर कोणीतरी खोकलं होतं.

"अरे वा! मिळाला का भाडेकरू?"

"भाऊजी, वर जाऊ नका..."

"का? भेटून येतो की. आपली वहिनी कोणाच्या हाती आहे ते बघायला नको?" तो दोन-दोन पायऱ्या चढून गेला.

दार उघडल्याचं बाईंनी ऐकलं. मग बोलणं. दिराचं मोठ्यानं हसणं. दुसरा आवाज हसला नाही, बोलत राहिला. कितीतरी वेळ. बाई पिशवी छातीशी धरून जिन्याच्या तळाशी उभ्या राहिल्या.

दीर खाली आला तो खुशीत होता. "माणूस छान आहे. असे मिळत नाहीत आजकाल. थोडा गार आहे हाताला, पण स्वभाव चांगला."

"मला तुमच्याकडे घेऊन चला," बाई म्हणाल्या. "आत्ता. घर विका. माझी ना नाही."

"आता?" तो चकित होऊन पाहत राहिला. "वहिनी, तुम्हीच पाय रोवून बसला होतात ना? आणि आता इतका चांगला सोबती असताना! अहो, तुम्ही यायच्या नाहीत असं धरून तिकडची खोली आम्ही पोराला अभ्यासाला दिली. थोडे दिवस काढा. करमेल तुम्हाला."

"भाऊजी, तो... मी त्याला आणलेलं नाही..."

"मग कोणी आणलं? आपला आला होय?" तो हसला. त्यांच्या हातातली पिशवी काढून त्यानं प्रेमानं आत नेऊन ठेवली. बाई त्याच्या मागे फाटकापर्यंत गेल्या. त्याची बाही त्यांनी धरून ठेवली होती. त्यानं ती हळूच सोडवली.

"हो, एक राहिलं," फाटकाबाहेर पडता पडता तो म्हणाला. "खालची जागा कधी रिकामी होईल म्हणून विचारत होता. घरची माणसं यायची आहेत म्हणे त्याची. बरीच आहेत."

"तुम्ही... काय सांगितलंत?"

"काय सांगणार! म्हटलं, वहिनी आहेत तोवर ते जमायचं नाही. समजूतदार माणूस. लगेच म्हणाला, तेवढं थांबू."

तो वळणावरून दिसेनासा झाला. संध्याकाळ उतरत होती. आत जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, म्हणून ऑपरेटरबाई वळल्या, आणि तेव्हा त्यांना कुंपणाच्या बाहेरचं गवत दिसलं. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत ते साफ दबलं होतं; खूप माणसं खूप दिवस एका जागी उभी राहिली की दबतं तसं. त्यातल्या प्रत्येक पावलाच्या ठशाचं टोक घराकडे होतं.