दोन वाक्यांमधली जागा

त्या दिवशी दुपारी जेवण उरकून मी तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करायला गेलो होतो. हसू नका, आमच्या धंद्यातलं ते रोजचं काम आहे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. वाचणाऱ्याच्या दोन वाक्यांमधलं काही कापलं आणि तिथे नुसती पोकळी ठेवली, तर ऐकणाऱ्याला कानात बोळे घातल्यासारखं होतं. म्हणून खोलीत कोणी नसताना माइक चालू ठेवायचा, खोलीला तीस सेकंद एकटी सोडायची, आणि ती शांतता मग लागेल तिथे ठिगळासारखी लावायची.

एकवीस वर्षं मी बोलती पुस्तकं साफ करतोय. वाचणाऱ्याचा खोकला, खुर्चीची करकर, पोटातली गुरगुर, ओठांची चटचट, सगळं काढायचं. मुख्य म्हणजे श्वास. दर वाक्याआधी माणूस श्वास घेतो आणि मी तो कापतो. एक कापला की तसेच बाकीचे सगळीकडून जातील, असं मी एका बटणावर बसवूनच ठेवलं आहे. हात इतका सरावलाय की श्वास ऐकू आला की बोटं आपोआप चालतात, त्यात माझा काही संबंध नसतो. स्टुडिओत मला तिखटकान म्हणतात. त्या नावाचा मला अभिमान होता.

हे पुस्तक माझ्या बायकोने वाचलं होतं, वर्षभर थोडं थोडं करून. रहस्यकादंबरी, बारा प्रकरणांची. एक बाई गावाबाहेरच्या घरात एकटी राहायला येते आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी चालत असतं. एवढंच. पहिल्या प्रकरणात ती जिन्याशी उभी राहते आणि वर पोचायला तिला अकरावं उजाडतं. आमचे मालक, ज्यांना आम्ही पाठीमागे घड्याळकाका म्हणतो, ते कपाळाला हात लावून म्हणाले होते, "एवढ्या वेळात बाईने घर रंगवून घेतलं असतं."

ही मात्र त्या पुस्तकावर खूश होती. "अहो, जिना हीच तर गंमत आहे," म्हणायची. "वर काय आहे ते कळलं की संपलंच की. लोक येतात ते पायऱ्यांसाठी." वाचायचीही तशीच. 'तिने कठड्यावर हात ठेवला.' मग थांबायची. इतकी थांबायची की काचेच्या या बाजूला मी मान वर करून बघायचो. मग हळूच, 'कठडा ओला होता.' पुढचं वाक्य माहीत असूनही माझ्या अंगावर काटा यायचा.

दर प्रकरणाला ते थांबणं वाढत गेलं. मी चेष्टा करायचो, "पुढच्या वाक्यापर्यंत मी चहा पिऊन येतो." ती हसायची, निलगिरीची गोळी तोंडात टाकायची आणि सगळी खोली त्या वासाने भरून जायची. दिवसातून दोन-तीनदा माइकमध्येच म्हणायची, "अहो, जरा थांबू या का?" मी माझ्याकडचं बोलायचं बटण दाबून म्हणायचो, "एवढं पान होऊ दे." संध्याकाळी श्वासांबरोबर तेही वाक्य कापून टाकायचो.

अकरावं प्रकरण झालं आणि आठच दिवसांत ती गेली. फुप्फुसं निकामी झाली होती. डॉक्टर म्हणाले, निदान वर्षभर यांना नीट श्वास घेता येत नसणार, घरात कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? तो श्वास मी रोज ऐकत होतो. वाक्यावाक्याला, हेडफोन लावून, मोठा करून. तो लांबत गेला, मग त्यात शीळ आली, मग घरघर आली, आणि मी खूण करून कापत गेलो. मला वाटत होतं ही वातावरण तयार करते आहे. माझी बायको माझ्या कानात वर्षभर गुदमरत होती आणि मी तिच्या वाचनाचं कौतुक करत होतो.

पुस्तक पुरं करणं भाग होतं. बारावं प्रकरण मी स्वतः वाचलं, माझ्या आवाजात, कसंबसं. घड्याळकाकांच्या सांगण्यावरून तिचे सगळे थांबे निम्म्याहून कमी केले. अकरा तासांचं पुस्तक सात तासांवर आलं. ऐकणाऱ्यांनी पंधरा दिवसांत आमचे कान उपटले. भीतीच वाटत नाही म्हणाले. एकाने लिहिलं, बाई जिना चढतेय की बस पकडतेय तेच कळत नाही.

"थांबे परत घाला," घड्याळकाका म्हणाले. त्या वेळी पहिल्यांदाच त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. "वहिनी वाचायच्या तसे घाला."

पण ते थांबे होते कुठे? जागा अडते म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी दर महिन्याला पुसून टाकत आलो होतो. तिचा एक श्वाससुद्धा माझ्याकडे उरला नव्हता. म्हणून त्या दुपारी मी शांतता आणायला गेलो.

त्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना काळा स्पंज, पायाखाली जाड गालिचा. दार लावलं की रस्ता, हॉर्न, लिफ्टची घरघर, सगळं जागच्या जागी बंद होतं आणि स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येऊ लागतं. तिची खुर्ची होती तशीच होती. मी सवयीने माइक तिच्या तोंडाच्या उंचीवर आणला, दिवा मालवला, बाहेर येऊन तीस सेकंद मोजले. काचेपलीकडे मिट्ट काळोख होता. शांतता स्वच्छ आली.

मग ती लावायला बसलो. 'तिने कठड्यावर हात ठेवला.' चार सेकंद शांतता. 'कठडा ओला होता.' बरोबर जमलं होतं, तोच काटा पुन्हा अंगावर आला. दुसरं प्रकरण झालं, तिसरं, चौथं. सातव्याशी निलगिरीचा वास आला. गालिचे वास धरून ठेवतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. नवव्या प्रकरणात मात्र त्या शांततेत काहीतरी होतं... फार खोल. मी आवाज वाढवला. बारीक शीळ होती. आत ओढलेली.

'ती आणखी एक पायरी चढली...' श्वास. 'वरची पावलं थांबली...' श्वास. तेच तीस सेकंद मी सगळीकडे लावले होते, रिकाम्या खोलीतले, एकाच तुकड्यातले. तरी प्रत्येक ठिकाणचा श्वास वेगळा होता आणि आधीच्याहून आखूड.

काचेकडे बघायची हिंमत होईना. आणि तरीही, खरं सांगतो, त्या भीतीच्या तळाशी मला आनंद झाला होता. ती होती. अकराव्या प्रकरणाच्या अगदी शेवटच्या थांब्यात ती कानाशी आली.

"अहो... जरा थांबू या का?"

माझं तोंड उघडलं होतं. मी हो म्हणणारच होतो. पण श्वास ऐकू आला तशी माझी बोटं चालली होती. खूण केली, कापलं, सगळीकडून काढलं, साठवलं. अर्धा सेकंद लागला असेल. माझ्या तोंडून हो बाहेर पडेपर्यंत अकराही प्रकरणं स्वच्छ झाली होती.

मी त्या खोलीत धावत गेलो. खुर्चीशी गुडघे टेकून हो म्हणालो, थांब म्हणालो, पान राहू दे म्हणालो. याला आता चार महिने झाले. मी रोज दुपारी माइक लावून तीस सेकंद घेतो आणि ते रोज स्वच्छ येतात.

पुस्तक मात्र जोरात चाललं. पत्रांचा पाऊस पडतोय. सगळी पत्रं एकच विचारतात. थांब्यांमध्ये त्या बाईंचा श्वास ऐकू येतो, त्याने जीव मुठीत धरून बसावं लागतं, ही युक्ती कोणाची? मी फाइल लावतो, आवाज शेवटपर्यंत वाढवतो, डोळे मिटून बसतो. मला काही ऐकू येत नाही. घड्याळकाकांना येतं. झाडणाऱ्या मावशींना हेडफोन दिले, तर त्यांनी मिनिटभरात काढून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. सगळ्यांना ती ऐकू येते. तिखटकानाला तेवढी येत नाही.

परवा एका निवृत्त नर्सचं कार्ड आलं. तेव्हापासून ते माझ्या खिशात आहे. त्यांनी लिहिलंय, 'पुस्तक चांगलं आहे, पण वाचणाऱ्या बाईंना दम लागतो आहे. असे श्वास मी पुष्कळ ऐकलेत, त्यांना ताबडतोब दाखवा. बारावं प्रकरण कोणी गृहस्थ वाचतात, पण त्या शेजारीच बसलेल्या आहेत आणि तिथे तर फारच वाईट आहे. सारख्या विचारतात, जरा थांबू या का, आणि ते गृहस्थ काही ऐकूच न आल्यासारखे पुढे वाचत राहतात.'

बारावं प्रकरण मी ती गेल्यावर वाचलं, दार लावून. त्या खोलीत खुर्ची एकच आहे.