पेडल दाबून धरा, मास्तर

तिची गाडी थांबली खरी, पण थांबताना अशी किंचाळली की चौकातल्या कबुतरांनीसुद्धा जागा बदलली. पुढे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती. दोन गाड्यांमध्ये जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं. पुढच्या गाडीतून एक उंच माणूस शांतपणे उतरला, त्याने वाकून ती वीत डोळ्यांनी मोजली आणि तिच्या काचेशी आला.

"किती दिवसांपासून ओरडताहेत?"

"कोण?"

"ब्रेक."

"महिना झाला असेल."

"महिनाभर! मग तुम्ही काय करता?"

"गाण्यांचा आवाज वाढवते."

तो हसायचं नाही असं ठरवून उभा होता, ते काही जमलं नाही. समोरच्याचे आधी दात बघायचे ही तिची धंद्याची खोड. ती दातांची डॉक्टर होती. दात छान होते... वरचा एक तेवढा किंचित आत वळलेला. 

"एखादा पेशंट महिनाभर दुखणं अंगावर काढून आला, तर तुम्ही काय करता, डॉक्टर?" काचेवरचं क्लिनिकचं स्टिकर वाचत त्याने विचारलं.

"रागावते."

"मग मी रागावलोय असं समजा."

"समजले. रविवारी घरीच डिस्क आणि पॅड बदलणार आहोत. मी आणि बाबा."

"घरी? नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली हात घालू नका हं. माझ्याकडे स्टँड आहेत— आणून देतो."

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा एकच गिल्ला केला, म्हणून तिला पत्ता घाईघाईत सांगावा लागला. विचार करून सांगितला असता तरी तोच सांगितला असता, ही गोष्ट वेगळी. तो वळलेला दात घरी पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

बाबा कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले तरी हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. हल्ली कंबर धरल्यामुळे त्यांना उभं राहता येई, वाकता येत नसे. म्हणून वाकायचं काम मुलीचं आणि उभं राहून बोलायचं काम त्यांचं, अशी वाटणी झाली होती. मुलीला ते 'पक्कड' म्हणत. लहानपणी हातात धरलेली वस्तू ती काही केल्या सोडत नसे. पुढे ती लोकांचे दात काढू लागली आणि बाबांना आपल्या दूरदृष्टीचा फार अभिमान वाटला.

ड्रायव्हिंग स्कूलचे ते उंच मास्तर पहिल्या रविवारी स्टँड घेऊन आले. त्या दिवशी नुसती मापं घेतली गेली. दुसऱ्या रविवारी चाकाचे बोल्ट गंजून बसलेले निघाले. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी स्वतः दुकानात जाऊन पॅड आणले, ते भलत्याच गाडीचे! दर वेळी चहा झाला, गप्पा झाल्या, बाबांनी कारखान्यातले तेच तीन किस्से सांगितले आणि मास्तर तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसले. पण मनातलं काही बोलायची वेळ आली की हा माणूस मूग गिळून बसे.

आता चौथा रविवार उजाडला होता, आणि हा शेवटचा होता. उद्या सोमवारी तिला दोन तासांवरच्या डोंगरापलीकडच्या गावातल्या दवाखान्यात रुजू व्हायचं होतं. खोली घेऊन झाली होती. मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं, तरी तोंडाला कुलूप ते कुलूपच. तिला तो आवडला होता; आता ते स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता. ती आपणहून बोललीही असती. पण दिवसाला दहा जणांना 'आ करा' म्हणून सांगणाऱ्या बाईला एका तरी माणसाने न सांगता तोंड उघडावंसं वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं?

डावं चाक दुपारपर्यंत झालं. जुन्या डिस्कच्या कडेला पॅडने झिजवून केवढा तरी काठ उभा राहिला होता. दवाखान्यातला जुना ॲप्रन, हातमोजे आणि चष्मा चढवून ती कामाला बसली होती. नवीन डिस्क बसवायच्या आधी तिने ती पुसून इतकी लख्ख केली, की बाबा म्हणाले, "अगं, ब्रेक आहे तो, त्याला खुर्चीत बसवून कवळी नाही लावायची."

मग उजवं चाक. तिने पॅड काढले, पॅड दाबणारा कॅलिपर सोडवून दोरीने वर टांगला आणि हाक मारली, "मास्तर, आत बसून स्टिअरिंग थोडं वळवा ना. इथे हात जात नाहीये."

मास्तर आत बसले. त्यांनी स्टिअरिंग वळवलं. नेमकं त्याच वेळी शेजारचं मांजर कुंपणावरून उडी मारून गाडीपुढून डुलत डुलत निघालं.

गाडी बंद होती. तिचं पुढचं तोंड स्टँडवर होतं, एक चाक तर निघून भिंतीला टेकलं होतं. पण अकरा वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेक मारणाऱ्या पायाला हे कोण सांगणार? मांजर दिसलं आणि पाय खाडकन खाली गेला.

टांगलेल्या कॅलिपरमधून पिस्टन बुचासारखा बाहेर पडला. मागोमाग ब्रेक ऑइलची धार सुटली, ती थेट डॉक्टरांच्या ॲप्रनवर. मांजर सुखरूप पलीकडे गेलं.

"काय केलंत हे!" ती ओरडली.

"मांजर..." मास्तरांचा आवाज कसाबसा आला.

"गाडी हवेत आहे, मास्तर! मांजराला काय तिने उडून धडक दिली असती?"

"पाय ऐकत नाही हो. सिनेमाला गेलो तरी दाबतो."

तिला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. उद्या सकाळी याच गाडीने निघायचं होतं. "गेल्या रविवारी चुकीचे पॅड, आज हे. तुम्ही कामाला येता, की काम लांबवायला?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. त्या लाल कानांकडे बघून तिच्या मनात काहीतरी लकाकलं... पण आधी पिस्टन.

बाबांनी उभ्या उभ्या हुकूम सोडले. सांडलेलं ऑइल आधी पाण्याने धुवा, रंग खातं ते. पिस्टन पूस, रबर फाटलंय का बघ, नव्या ऑइलचं बोट फिरव आणि सरळ दाब, वाकडा नको. रबर शाबूत होतं. पिस्टन आत बसला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नवे पॅड, नवी डिस्क, कॅलिपर, सगळं जागेवर गेलं. उरली पाइपात शिरलेली हवा. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून छोटा बोल्ट सैल करायचा, नळीतून बुडबुडे निघू द्यायचे आणि बोल्ट आवळायचा. बोल्ट सैल असताना पेडल सुटलं की हवा पुन्हा आत, पहिले पाढे पंचावन्न.

"दाबा," ती चाकामागून म्हणाली.

"दाबलं."

"धरा." बुडबुडे निघाले. तिने बोल्ट आवळला. "सोडा."

असं सहा वेळा झालं. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, नुसते आवाज. त्याच्या आवाजात एवढा आज्ञाधारकपणा तिने आजवर ऐकला नव्हता. सातव्या वेळी तिने बोल्ट सैल केला... आणि हात मागे घेतला.

"धरलंय हं," तो म्हणाला.

"धरून ठेवा. मला काही विचारायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर तुम्ही चहा पिऊन पळाल. पॅड चुकून चुकीचे आले होते का?"

आतली सीट करकरली.

"पाय थरथरतोय, डॉक्टर."

"बोललात की आवळते."

"चुकून नाही आले," तो एका दमात म्हणाला. "मुद्दाम आणले. बरोबर आणले असते तर त्याच दिवशी काम संपलं असतं."

तिने डोळे मिटले. ॲप्रनवर ऑइल, नाकावर काळा डाग. आवाज मात्र तिने दवाखान्यातला ठेवला. "कुठे दुखतंय?"

"अं?"

"दुखणं अंगावर काढलंय ना? कुठे दुखतं? सतत, की अधूनमधून?"

"सतत," तो म्हणाला. "तुम्ही उद्या जाणार हे कळल्यापासून तर झोपही लागत नाही."

"आणि कधीपासून?"

"चौकात काच खाली केलीत तेव्हापासून." आणि मग कुलूप तुटलंच. "मला तुम्ही फार आवडता. मी दर शनिवारी तिकडे येईन. शनिवारी दुपारनंतर माझे क्लास नसतात. म्हणजे... असले तरी नसतील. चालेल का?"

दुसऱ्याचं तोंड उघडणं सोपं असतं, आपलं उघडायची पाळी आली की कळतं!

"पक्कड," उघड्या बॉनेटच्या मागून आवाज आला. ऑइलची बाटली घेऊन बाबा मघापासून तिथेच उभे होते, टाकी भरत. दोघंही त्यांना साफ विसरले होते. "माझी कंबर आणि त्याचा पाय, दोन्ही गेलेत. होकार असेल तर बोल आणि आवळ. नसेल तरी आवळ."

"हो!" ती म्हणाली, चांगली ओरडूनच. "हो, चालेल. शनिवारी या, रविवारी राहा, बाकीचं सावकाश बघू." आणि बोल्ट आवळला. "सोडा आता."

पेडल वर आलं, पण मास्तर उतरेनात. ती उठून दाराशी गेली. तो स्टिअरिंगला धरून बसला होता, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू, वळलेल्या दातासकट.

"काय झालं?"

"पायाला मुंग्या आल्यात."

तिने हातमोजा काढून हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. बॉनेटमागे बाबा खाकरले, मग पुन्हा खाकरले.

"अजून एकदा दाबून बघा," ते म्हणाले. "डोंगरातून जायचंय तिला."

ती परत चाकाशी बसली. त्याने पेडल दाबलं, तिने बोल्ट सैल केला. या वेळी नळीतून एकही बुडबुडा आला नाही.