पांढरी सुती साडी

"तुमच्या मिसेस आत गेल्यात का?" मी शेजारच्या माणसाला विचारलं.

खारघरच्या हॉस्पिटलात आनुवंशिक कॅन्सरची ओपीडी. सगळ्या बायका, आणि मांडीवर डबा घेऊन बसलेला हा एकटाच पुरुष. कोणाचा तरी नवराच असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

"नाही… पेशंट मीच," तो हसला. "आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. बरी आहे आता. पण तिच्या जनुकांतला दोष माझ्यातपण असू शकतो म्हणे."

मी ओशाळले. त्याने डबा पुढे केला. "घ्या ना, घावणे आहेत."

"आईंनी केलेत?"

"मीच केलेत. आज सगळंच चुकतंय तुमचं."

मी चक्क लाजले! सदतिसाव्या वर्षी, तेही ओपीडीत.

त्याचं नाव विपुल. तो सानपाड्याचा, मी सीवूड्सची. मग दर रविवारी आम्ही खाडीकाठी फिरायला लागलो. तो कमी बोलायचा, बघायचा मात्र भरपूर… आणि मी पकडलं की घाईघाईने फ्लेमिंगोंकडे बघायचा.

मग त्याचा रिपोर्ट आला. दोष नव्हता. त्याने पहिला फोन मला केला. मला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली. कारण माझ्यात तो दोष होता. त्यापायी आई आणि मावशी, दोघी अंडाशयाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. कॅन्सर व्हायच्या आधीच माझी अंडाशयं काढायची, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. तारीखही ठरली होती. विपुलला यातलं अर्धंच माहीत होतं.

त्या रविवारी मी सगळं सांगून टाकलं. "नंतर मला मूल होणार नाही, विपुल. पाळी जाईल, भर थंडीत अंगातून गरम वाफा येतील. तुमची सुटका झालीय. तुम्ही कशाला अडकताय?"

त्याने हातातल्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"मूल हवं होतं मला," तो शेवटी म्हणाला. "खोटं नाही बोलणार. वाईट वाटेल… पण तुम्ही नसलात तर त्याहून जास्त वाटेल."

माझे डोळे भरून आले.

"आणि वाफांचं टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "आपल्या बौद्धांत लग्नाला नवरीला पांढरीच साडी असते. आपण मस्त सुती घेऊ. शालूतल्या नवरीचे हाल बघा जरा."

"लग्न? मला विचारलंत कधी?"

"आत्ता विचारतोय ना… कराल?"

मी रडता रडता हसत सुटले. त्याच्या हातातला डबा ओढून घेतला.

"आधी ऑपरेशन," मी म्हणाले. "शुद्धीवर आले की उशाशी तू दिसला पाहिजेस. साडी घ्यायला मग दोघं जाऊ."