जाखडेसाहेबांची अंकघुसळ

चंद्रतळावरच्या राखीव हवेच्या कोठीत जाखडेसाहेब स्वतःला कोंडून बसले होते आणि बाहेर वैजयंता टिपरेचं डोकं भडकलं होतं. उल्केने पश्चिम विभागाला भोक पाडलं होतं. तिथल्या आतल्या खोलीत बाराजण अडकले होते आणि त्यांत तिची मुलगी शाल्मली होती. त्यांच्या हवेची झडप या कोठीत होती, आणि तळप्रमुख म्हणून जाखड्यांनी ती खुशाल बंद करून टाकली होती.

"मदतयान येईपर्यंत सगळ्यांना हवा पुरणार नाही," बोलयंत्रातून त्यांचा थंड आवाज आला. "बारा गेले तर बाकीचे वाचतील, टिपरेबाई."

"पुरते! जपून वापरली तर सगळ्यांना पुरते. स्वतःच्या जिवाला घोर लागलाय म्हणून माझी पोर मारता होय?"

"कुलूप आहे समोर. उघडा की! मोठ्या गणिती ना तुम्ही?"

दोनदा चुकलं की ते कुलूप कायमचं गोठणार होतं. वायुतंत्रज्ञ कासीम मुजावर घाम पुसत म्हणाला, "बाई, चार अंकी किल्ली. दहा हजारांतून कुठली शोधायची?"

"शोधायची काय कर्माची! अहो, या शहाण्याने इथे अंकघुसळ बसवलीय. माणूस जन्मसाल नाहीतर गाडीचा नंबर गुप्त आकडा म्हणून ठेवतो. तो कुणी ओळखू नये म्हणून यंत्र त्याला घुसळतं. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे, मग ते उलटे करायचे आणि वजाबाकी. येईल त्याचं पुन्हा तेच, असं शंभरदा. शेवटी उरेल ती किल्ली. समजा ३५२४. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४."

"आणि पुढं?"

"पुढे ७६४१ वजा १४६७. परत ६१७४! बहुतेक कुठूनही निघा, सात फेऱ्यांत तिथेच. कितीही घुसळा, लोणी एकच. भरसभेत हे ओरडून सांगितलं मी, तर हा म्हणाला, सहलीतली कोडी सभेत नकोत. सगळे फिदीफिदी हसले."

तिने तोऱ्यात ६१७४ दाबलं. लाल दिवा लागला.

कोठीतून हसू ऐकू आलं. "झालं गणित? आता एकच संधी हं, टिपरेबाई."

शाल्मली तिकडे श्वास मोजत बसली असेल. पण गणित चुकलेलं नव्हतं, ते वैजयंताने स्वतः तपासलं होतं. आणि ते हसू! मेला त्या ६१७४ची वाटच बघत बसला होता.

"मुजावर, सभेत मला वेड्यात काढलं आणि खोलीवर जाऊन याने गुपचूप आकडे मांडून पाहिले! ६१७४ला न जाणारे आकडे हुडकून काढले याने. असतात तसे. चारही अंक सारखे असले की झालं. ७७७७ उलटा केला तरी तोच."

हसू थांबलं.

"पण साताचा की तिनाचा, ते कसं कळणार?"

"कळायचंय कशाला? तोच वजा तोच."

तिने चार शून्यं दाबली. दार सरकलं. मुजावर झडपेकडे धावला आणि नळांतून हवा सुटली. थोड्या वेळाने बोलयंत्रावर खोकल्याचे आवाज आले, मग शाल्मलीची हाक आली. वैजयंता डोळे पुसून भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या जाखड्यांकडे वळली.

"नशीब तुमचं," ते पुटपुटले.

"नशीब कसलं! माझं खरं होतं हे तुला केव्हाच कळलं होतं," तिने अहोजाहो सोडलं. "चूक कबूल करून कुलूप बदललं असतंस, तर आज माझी पोर मेली असती. पण एका बाईपुढे चुकलो म्हणायला तुझी जीभ रेटली नाही. तेवढे उपकार झाले तुझे. चल, हो बाहेर!"