अकरा सेकंद

आर्णीच्या पुढे मोहफाट्यावर चार रस्ते मिळतात. हायवेवरून ट्रक ऐंशी-नव्वदनं येतात. तिथला सिग्नल खात्यातले मेकॅनिक नागोराव यांनीच बसवला होता. पिवळा दिवा तीन सेकंदांचा.

त्यांची बायको पंचफुला अंगणवाडीतून परतताना रोज चार-दहाला तिथंच रस्ता ओलांडायची. गुडघा दुखरा, चाल हळू.

"ट्रक पिवळ्यात थांबत नाहीत जी. वाढवा ना थोडा."

"नियमात तीनच बसते," नागोराव म्हणाले होते.

मार्चमध्ये एका ट्रकला पिवळ्यात थांबता आलं नाही. पंचफुलाच्या बाजूचा हिरवा लागला होता; ती रस्त्याच्या मध्यापर्यंतच पोचली.

मग नागोरावांनी पिवळा पाच सेकंदांचा केला. त्यानंतर चारही बाजू दोन सेकंद लाल. हे आधीही करता आलं असतं.

मे महिन्यात फाट्यावरच्या चहावाल्या हिरासिंगनं त्यांना बोलावलं. रोज चार-दहाला चारही बाजू लाल व्हायच्या आणि लालच राहायच्या. नागोरावांनी घड्याळ लावलं. अकरा सेकंद. वायरी तपासल्या, सगळं ठीक.

तिसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष ड्रायव्हरांकडे गेलं. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. सगळ्यांच्या माना हळूहळू, एकाच चालीनं, अंगणवाडीच्या कडेपासून टपरीच्या कडेपर्यंत वळत होत्या. रस्ता रिकामा होता.

पंचफुलाला ओलांडायला किती वेळ लागतो, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

साहेबांचा फोन आला. दिवे चालवणारी पेटी बदलून टाका.

"काहून बदलून राह्यले नागोराव?" हिरासिंग म्हणाला. "मशीन तुमच्यासारखी म्हतारी झाली, इचार करते जरा. करू द्या ना."

नागोरावांनी पाना जुन्या पेटीला लावला.

"नियमात बसत नाही," ते म्हणाले, आणि नवी पेटी लावली.

चार-दहा झाले. चारही बाजू लाल.

माना वळू लागल्या.

दोन सेकंदांत हिरवा लागला. माना रस्त्याच्या मध्यावर येऊन थांबल्या होत्या.

मागून हॉर्न वाजले. पुढचा ट्रक हलला आणि कचकन थांबला. ड्रायव्हर खाली उडी मारून आला. चेहरा पांढरा पडलेला.

"काका, इथं बाई होती ना आता?"

नागोरावांनी रस्त्याच्या मध्याकडे पाहिलं.

तो वाकून पुढच्या चाकाखाली पाहू लागला. मग बाकीच्या तीन बाजूंचे ड्रायव्हरही उतरले. एकेक करून त्याच चाकापाशी आले आणि वाकले.

नागोरावांना वाकवेना.