लॉट एकोणनव्वद

नोंदवही हरवल्याचं सोमवारी कळलं. ब्रॅमवेल मोटर कंपनी बुडाल्यावर तिच्या मालाचा लिलाव झाला, त्याची ती एकमेव वही. कव्हेंट्रीच्या लिलावघरात बावीस वर्षं पडून होती. आता फडताळात तिची जागा रिकामी होती. विल्फ गॅरेटने शेजारची वही उघडून पाहिली. आखीव पानं, वरच्या कोपऱ्यात छापील पानक्रमांक.

विल्फला हरवलेली वही हवी होती. कारखान्याच्या शेवटच्या मोटारीचा लाकडी साचा त्याच्या बायकोने, आयव्हीने, त्या लिलावात घेतला होता. ती त्या कारखान्यात गाड्यांच्या सीटा शिवायची. मरण्याआधी तिने तो संग्रहालयात ठेवायला दिला. पावती सापडत नव्हती. आणि आता क्रॅडॉक नावाचा जुन्या गाड्यांचा व्यापारी म्हणत होता, साचा माझा. त्या बाईने माझ्या गोदामातून उचलला.

म्हणजे आयव्ही चोर.

बुधवारी संग्रहालयाच्या प्रमुख ट्रॅव्हिसबाईंनी दोघांना बोलावलं. क्रॅडॉकने टेबलावर लिलावाच्या वहीतलं एक आखीव पान ठेवलं. त्यावर वस्तूचा क्रमांक, वस्तू आणि घेणाऱ्याचं नाव: 'लॉट ८९, लाकडी साचा, एल. क्रॅडॉक.'

"लिलावाच्या कारकुनानेच मला दिलं होतं तेव्हा," तो म्हणाला.

"वरचा कोपरा कुठे गेला?" विल्फने विचारलं.

"उंदरांनी खाल्ला. बावीस वर्षं झाली, आजोबा. तुमचे तरी दात राहिलेत का सगळे?"

"इतकं सरळ खातात उंदीर? बरं. बोली तुम्ही स्वतः लावलीत?"

"स्वतः. दुसऱ्या रांगेत बसलो होतो. हात वर केला, हातोडा पडला."

"आणि आयव्ही?"

"बसली असेल मागे कुठेतरी. शिवणकामाच्या बायका पुढे कशाला येतील?"

विल्फ ट्रॅव्हिसबाईंकडे वळला.

"मी त्या दिवशी गेलो नव्हतो. कारखाना विकला जाताना बघवलं नसतं. आयव्ही घरी आली ती बूट हातात घेऊन. पाय सुजलेले. मी बादलीत गरम पाणी दिलं. म्हणाली, दिवसभर टेकायला जागा मिळाली नाही. बाई, तिनेच सांगितलं, तिथे यंत्रं जागची हलवली नव्हती. लिलाववालाच एकेका यंत्रापाशी चालत गेला, गिऱ्हाइकं त्याच्या मागून. रांगा कुठल्या आणि खुर्च्या कुठल्या? लिलावघराला विचारा. आणि ती वही शेवटची कोणी पाहायला मागितली, तेही विचारा."

बाईंनी फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं.

"लिलाव चालतच झाला होता. आणि वही गेल्या महिन्यात क्रॅडॉकसाहेबांनी मागितली होती."

"वहीच्या शेवटी कोरी पानं असणार," विल्फ म्हणाला. "त्यातलं एक यांनी फाडून लिहिलं. पण एकोणनव्वदावा लॉट सुरुवातीच्या पानांत येतो. कोपऱ्यातल्या शेवटच्या पानाच्या मोठ्या क्रमांकाने सगळं उघडं पडलं असतं, म्हणून तो कोपरा कापला. खऱ्या पानावर आयव्हीचं नाव होतं, म्हणून वहीच नाहीशी केली."

"वही कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

क्रॅडॉकने टोपी उचलली. "शेगडीत गेली. एका जुन्या वहीसाठी फाशी देणार आहात का मला?"

साचा संग्रहालयातच राहिला. क्रॅडॉकवर फिर्याद झाली. पण आयव्हीने तो विकत घेतला, हे आजही कुठे लिहिलेलं नाही. त्या दिवशी तिच्यासोबत चाललेली गिऱ्हाइकं शोधून त्यांचे जबाब घ्यायचे आहेत. विल्फला चार नावं मिळाली आहेत. त्या दिवसाबद्दल ऐकवेल की नाही, याची खात्री नसल्याने अजून त्याने एकालाही फोन केलेला नाही.